आईनं फोडलेला खडक

“तू उतर खाली. तुला सवय असेल.”

सर एवढंच म्हणाले. कोल्हापूरच्या कचरा डेपोच्या काठावर आम्ही चौघं उभे होतो, सर आणि त्यांच्या ऑफिसातले आम्ही तिघे इंजिनिअर. तिघांची डिग्री एकच. पण ढिगाच्या पायथ्याचं काळं पाणी बाटलीत भरायला मीच उतरले. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझी आई याच ढिगावर भंगार वेचायची.

वर आले, साबणानं हात धुतले. गाडीत जयसिंगपूरच्या भडंगाचा पुडा फोडला होता. बाकीच्यांचे हात एकाच पुड्यात. सरांनी माझ्यापुरतं मूठभर भडंग वेगळ्या कागदावर काढलं. “तू इकडे घे.” मी घेतलं. खाल्लंसुद्धा. त्याची लाज अजून वाटते.

काम असं होतं. पाऊस कचऱ्यात मुरतो, सडका रस घेऊन खाली उतरतो. ते काळं पाणी जमिनीत कुठवर जाईल, हे कॉम्प्युटरवर मांडायचं. जमिनीच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीतून पाणी किती झपाट्यानं झिरपतं तो आकडा भरायचा. सरांनी तळाला अखंड काळा खडक भरला. नकाशात तसंच होतं. उत्तर आलं, वस्तीच्या बोअरला धोका नाही.

ती वस्ती माझी. बोअरचं पाणी आम्ही पितो. धोकाच नाही म्हटल्यावर नळ कोण देणार?

प्रिंट घरी नेली. खरं तर मिरवायलाच.

“ह्यो काळा पट्टा कशाचा गं?” आईनं विचारलं.

“खडक. त्यातनं पाणी जात नाही.”

“कोण म्हणतंय? कचरा पडायच्या आदी तितं दगडाची खण हुती. तुझ्या बानं सुरुंग लावल्यात, म्या खडी फोडलीया. पार खालपतोर तडकलाय त्यो. पावसात काळं पाणी खणीच्या कोपऱ्यात टिकतच न्हाय की. जातंय कुठं मग?”

चार वर्षं शिकून मी माझ्याच आईला अडाणी समजत होते. संताप आला, आधी स्वतःचाच.

दुसऱ्या दिवशी तळाच्या चौकटींत फुटक्या खडकाचे आकडे भरले. अंदाजाचेच. पण सरांचाही अंदाजच होता. कॉम्प्युटरवर दुसऱ्याच पावसाळ्यात काळा डाग बोअरला भिडला. सरांपुढे ठेवलं.

“हे कुणी सांगितलं?”

“आईनं.”

ऑफिस हसलं. सर म्हणाले, “आता कचरावाल्या बाया मॉडेल शिकवणार! जुन्या अहवालावर सही कर.”

“नाही करणार.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. पाणी माझ्या घरात येतंय, तुमच्या नाही.”

नोकरी गेली. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. खणीवरची जुनी माणसं हुडकतेय. एकेकाला डेपोवर नेऊन विचारतेय, सुरुंग कुठं लावला, भोक किती खोल. प्रत्येक भोक नकाशावर घेतेय. काही जण वारले, उरलेले खोकतायत. वेळ कमी आहे.

अहवाल मीच लिहिणार. माहिती देणारी म्हणून पहिलं नाव आईचं, अंगठ्याच्या ठशासकट. महापालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवीन. हाकललं तर परत जाईन. त्यांनी तो शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय दारातून हलणार नाही.