घरी फोन करायचा नाही

मिशनरी म्हटलं की लोकांना वाटायचं, बायबल घेऊन दारोदार फिरणारी बाई. मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली; पण ॲरिझोनातल्या आमच्या मिशनच्या ऑफिसात माझं बायबल ड्रॉवरमध्येच पडून असायचं. प्रचाराला आलेल्या मुलांसाठी खोल्या भाड्यानं बघायच्या, त्यांचं टपाल पुढे पाठवायचं, गाड्यांचं ऑइल बदलून आणायचं, नवीन मुलांना विमानतळावरून घेऊन यायचं. ऐंशीच्या दशकात हा सगळा कारभार एक टाइपरायटर आणि एक फोन यांच्यावर चालायचा. पगार शून्य, काळजी पोतंभर. फोन वाजला की मनात पहिला प्रश्न हाच: कुणी गाडी ठोकली, की कुणी उन्हानं चक्कर येऊन पडलं?

त्या सकाळचा फोन आमच्या एका मुलाच्या आईचा होता, पार दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलमधून. वडिलांना हार्ट अटॅक आला होता. दुपारी ऑपरेशन होतं आणि डॉक्टर फारशी आशा देत नव्हते. "त्यांना एकदा त्याचा आवाज ऐकायचाय," एवढंच ती म्हणाली.

आता आमच्याकडे नियम असा, की मिशनवरच्या मुलानं घरी फोन करायचा तो फक्त नाताळला आणि मदर्स डेला. एरवी परवानगी द्यायची ती मिशनच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या प्रेसिडेंटनी. ते पहाटेच गाडीनं दूरच्या गावांना निघाले होते, संध्याकाळी परतणार. त्या काळी गाडीत फोन कुठला! वाटेतल्या ओळखीच्या घरांत मी फोनवरून निरोप ठेवत बसले, पण ते कुठेच पोचले नव्हते. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी चँडलरला, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नवऱ्याला फोन लावला.

"अहो, काय करू? मला काही सुचत नाहीये."

"अगं, रूल ब्रेक केलास तर काय फायर करतील तुला? पगार तरी देतात का? बोलाव त्या मुलाला!"

इंजिनिअर माणूस, ह्यांना सगळंच सोपं. पण बोलले ते खरं होतं. मी मुलाच्या घरमालकिणीला फोन करून त्याला बोलावून घेतलं. पांढरे शर्ट घामानं भिजलेले, असे सायकली हाणत दोघं आले. दोघं, कारण मिशनमध्ये एकट्यानं फिरायचं नाही, जोडीदार कायम बरोबर. मी त्याला बसवलं, सगळं सांगितलं आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

तो पांढराफटक पडला. हात मात्र पुढे केला नाही.

"प्रेसिडेंट येईपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "देवाला शब्द दिलाय मी. मी तो मोडला आणि बाबांना काही झालं तर?"

मला असा संताप आला! त्याचा नव्हे. विशीतल्या पोराच्या डोक्यात हे भरवलं कुणी? आम्हीच की. समजावून झालं, थोडं ओरडूनही झालं. तो हलेना, आणि घड्याळ काही थांबेना.

मग मी तशीच उठले, कोपऱ्यावरच्या पे फोनवरून त्याच्या आईला सांगितलं, "तुम्हीच ऑफिसात फोन करा, आत्ता." परत येऊन त्याला म्हटलं, "मी जरा दाराबाहेर उभी राहते. माझ्या खुर्चीत बस. ऑफिसचा फोन वाजला की टेबलाशी असेल त्यानं घ्यायचाच. हाही नियमच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं असणार. तो खुर्चीत जाऊन बसला.

त्याचे वडील ऑपरेशनातून उठले नाहीत, पण ते आम्हाला नंतर कळायचं होतं. त्या घटकेला मी आणि त्याचा जोडीदार अर्धवट उघड्या काचेच्या दाराबाहेर भट्टीसारख्या उन्हात उभे होतो. फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. "घे रे बाळा, घे," मी मराठीतच पुटपुटत होते.

त्यानं टाय सरळ केला, रिसीव्हर उचलला आणि आम्ही शिकवलेलं वाक्य न चुकता म्हटलं, "मिशन ऑफिस. आपल्याला काय मदत करू शकतो?"

मग तो बराच वेळ ऐकत राहिला.

"हो बाबा," तो म्हणाला, "जेवतोय मी नीट."