लाल गाडीचा घसा बसला

ग्यारेजवर दोन गोष्टी साठतात, भंगार अन् किस्से. भंगारवाला निदान मधून मधून येऊन जातो, किस्से मात्र कुणी उचलत न्हाई! जिंतूरला सलीमभाईच्या ग्यारेजच्या कोपऱ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं टेबल हाय. तिथं बसून मी लय बगितलं. पण मुळे डॉक्टरांच्या लाल गाडीनं जे धक्के दिले, ते अजून पचले न्हाईत.

डॉक्टर जनावरांचे. गाडी त्यांच्या वडिलांची, वकीलसाहेबांची. विलायती स्पोर्ट कार, दोनच शिटा, कापडी छत, माझ्याहून वयानं मोठी. गिअर चारच. जरा पळवली की इंजिन असं बोंबलायचं, की शेजारच्याच्या कानात तोंड घालून बोलावं लागायचं. वकीलसाहेब ह्याच गाडीत परभणीच्या कोर्टात जाऊन-येऊन करायचे; सांजच्याला परतताना गावाबाहेरच्या पुलापासूनच हिचा आवाज घरात यायचा. आक्का, म्हणजे डॉक्टरांच्या आई, तिच्यात कधीच बसल्या न्हाईत. "हिचं बोंबलणं थांबलं की बसंन," असं नवऱ्याला सांगितलं व्हतं. वकीलसाहेब वाट बघून बघून गेले.

एक दिवस डॉक्टर आले अन् म्हणले, "सलीमभाई, हिला ओव्हरड्राइव्ह बसवायचाय. आक्काला एकदा तरी ह्या गाडीत वालूरला, तिच्या माहेरी न्यायचंय. तिचं वय बगा, उशीर करू नका."

ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागं बसणारा आणखी एक डबा. बटन दाबलं की गाडी तेवढीच पळते, पण इंजिन निवांत फिरतं. सलीमभाईनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! डॉक्टर, इथं पोरं आवाज वाढवायला सायलेन्सर काढून मागतेत, अन् तुमी आवाज कमी करायला आलाव!"

*

डबा विलायतेहून मागवला. पार्सल डॉक्टरांच्या दवाखान्यात आलं, तवा डॉक्टर खेड्यावर एक म्हैस अडली म्हणून गेलेले. आमी डबा न्यायला गेलो, तर डबा कुठंच न्हाई!

कंपाउंडर गणपत शांतपणे म्हणला, "फ्रीजमधी ठेवलाय."

"काय?"

"साहेबांचीच ऑर्डर हाय. बाहेरून आलेलं पार्सल आल्याबरोबर फ्रीजमधी!"

फ्रीज उघडला. लसीच्या बाटल्या दारात कोंबलेल्या, जाळी वाकून खालच्या जाळीवर टेकलेली, अन् मधी ते लोखंडाचं धूड. सलीमभाईनं हात लावला अन् गारठ्यानं झटक्यात मागं घेतला.

"अरे येड्या, एवढी जड लस असते का?"

गणपत म्हणला, "मला वाटलं हत्तीची आसंल."

*

डबा बसला, तर मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट लांब पडायला लागला. आता तो कापून आखूड करायचा. डॉक्टर म्हणले, "मी समोर थांबतो." म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस, आमाला वाटलं ह्याला काय व्हतंय!

सलीमभाईनं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. अन् धप्प! बगतो तर डॉक्टर आडवे!

तोंडावर पाणी मारलं, मफलरनं वारा घातला. डोळे उघडले अन् पहिलं काय म्हणले? "बाबांना कळलं का?"

वकीलसाहेबांना जाऊन कैक वर्षं झालेली. सलीमभाईनं ग्राइंडर गुपचूप टेबलाखाली सारला.

*

बटनाची वायर मी जोडलेली, म्हणून ट्रायलला डॉक्टरांच्या शेजारी मीच बसलो. झरीच्या रोडला लागलो. चौथा गिअर पडला, इंजिन नेहमीसारखं बोंबलायलंय. डॉक्टरांनी बटन दाबलं अन् एकदम गुमान!

"बंद पडली!" मी ओरडलो. वायर जोडणारा मी, अन् ओरडणाराही मीच! गाडी मात्र मजेत पळायलेली.

गावाबाहेरच्या पुलावर बगतो तर रस्ताभर मेंढरं! डॉक्टरांनी ब्रेक मारला. मेंढरू अन् बंपर ह्यांच्यात वीतभर जागा राहिली. माझा जीव भांड्यात पडायच्या आत मेंढरंवाला काठी उगारून आला, अन् डॉक्टरांना बघून थबकला.

"तुमी व्हय! वकीलसाहेब असल्यापासून हिचा आवाज लांबून येतो, तवा मी मेंढरं बाजूला घेतो. आज मुकी झाली का काय?"

मग त्यानं बॉनेटवर हात ठेवला अन् काळजीनं म्हणला, "घसा बसलाय, डॉक्टर. काही तरी द्या हिला."

*

अन् मग तो दिवस. आक्का चक्क गाडीत बसल्या! नवं लुगडं, पदर डोक्यावरून घट्ट. मायलेक वालूरला जाऊन आले. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून सलीमभाई अन् मी त्यांच्या अंगणात वाट बघत बसलेलो. गाडी फाटकात आली तरी आमाला पत्ता न्हाई.

सलीमभाई छाती फुगवून उठला. "काय आक्का, बोंबलली का?"

"न्हाई. लय गुमान आली." आक्का ओट्यावर टेकल्या. तोंडावर हसू मात्र न्हाई.

डॉक्टरांचं तोंड उतरलं. "आक्का, त्रास झाला का?"

"न्हाई रे. तू आसं कर, एकडाव पुलापलीकडं जाऊन ये. ते बटन दाबू नको."

आमी हबकलोच! "आहो आक्का, त्याच्यासाठीच तर एवढं..." सलीमभाईचं वाक्य तोंडातच राहिलं. आक्कांनी हातानंच त्याला गप केलं. डॉक्टर गाडी घेऊन गेले.

जरा वेळानं लांबून, पुलाच्या अंगानं, ते जुनं बोंबलणं सुरू झालं.

आक्का उठल्या अन् आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग भांड्यात पाणी पडल्याचा. मी दारातून डोकावून म्हणलं, "आक्का, डॉक्टरांना घरी तर येऊ द्या, मग ठेवा की चहा."

आक्का साखर टाकत म्हणल्या, "आजून लिंबाचं वळण यायचंय. तवर उकळतो बरुबर."