घोंगडीची खोळ

माझ्या बापाचा डावा कान माझ्या हातानं गेला. वस्तीतल्या जुन्या लोकांना विचारलंत तर ते शेजाऱ्याचं नाव घेतील. इतकी वर्षं मी त्यांना ते घेऊ दिलं आहे.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सिल्लोडकडच्या आमच्या गावात चारा उरला नाही, मेंढरं विकली गेली आणि आबा माझ्याकडे शहरात राहायला आले. शहर म्हणजे काय, पैठण रस्त्याला नव्यानं पडलेले प्लॉट आणि त्यातली माझी पत्र्याची खोली. मी एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. जायकवाडीचं पाणी शहराकडे नेणारा मोठा पाइप आमच्या वस्तीला खेटून जायचा. त्याच पाइपावर बसून आम्ही टँकरची वाट पाहायचो.

टँकर उजाडताना यायचा. हिवाळ्याचे दिवस, आडोसा म्हणून काही नाही, माळावरचं वारं थेट छातीवर. आबांचं कपडे घालणं मी रोज बघायचो. सगळ्यात आत धुऊन धुऊन मऊ झालेली सुती बंडी. तिच्यावर ढगळ सदरा, त्यावर माझाच कोपराला फाटलेला, पुढून बटणांचा जुना स्वेटर. आणि सगळ्यावर काळी घोंगडी, डोक्यावर तिची दुमडून टोपीसारखी खोळ केलेली, गळ्याजवळ बाभळीचा काटा टोचून पक्की केलेली. मी एकच घट्ट जर्सी घालून कुडकुडायचो. ते म्हणायचे, “आवळून घातलं की थंडी हाडात शिरती, लेका. ऊब कापडात नसती, दोन कापडांच्या मधी असती.” हंडे उचलायची वेळ आली की घोंगडी तशीच ठेवून आधी आतला स्वेटर काढायचे आणि काम झालं की पुन्हा चढवायचे, कारण घाम आला की थंडी घामात बसते. मेंढरांमागं सारा जन्म उघड्यावर काढलेला माणूस होता तो. पण मला तेव्हा कौतुक नव्हतं, लाज वाटायची.

रांगेत मारामारी रोजची. टँकरची नळी सुटली की रांग मोडायची. बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. एकीनं दुसरीच्या बोटांवर हंडा आपटला, नख उचकटलं, आणि ती तशीच रक्ताळल्या हातानं पाणी भरत राहिली. आधी मी हबकलो. मग मीही मारायला शिकलो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. कारखान्यात दिवसभर मान खाली घालून शिव्या खायच्या आणि सकाळी त्या कुणाच्या तरी पाठीत उतरवायच्या. एकदा कुणाची तरी भरलेली कळशी आबांच्या डोक्यात बसली. मी किंचाळलो. आबांनी खोळ मागं सारली, टाळूवरून हात फिरवला आणि हसले.

“लांडग्याचा दात नाय लागला कधी हिच्यातून. ह्या भांड्याचं काय घिऊन बसलास!”

आमच्या भिंतीला भिंत लावून एक गवंडी राहायचा. फाटक्या तोंडाचा, पण मनानं वाईट नव्हता. आबा दिसले की “आलं बघा मेंढरू,” म्हणायचा आणि वर त्यांच्याकडूनच तंबाखू मागायचा. आबा हसून द्यायचे. माझ्या मात्र डोक्यात जायचं. त्या सकाळी तो म्हणाला, “कंपनीवाल्याचा बाप आन् खोळ घिऊन पाण्याला!” सगळी रांग हसली. हसले ते लोक, पण मी वळलो तो आबांवर.

“काढा ते.”

“असू दे रं. गारठा लई हाय.”

मी काटा उपटला आणि घोंगडी खेचली. काट्यानं त्यांच्या गळ्यावर रक्ताची रेघ उठली. घोंगडी मी चिखलात फेकली. आबा उघड्या डोक्यानं उभे राहिले.

“अय, म्हाताऱ्यावर हात टाकतो व्हय?” शेजारी पुढं आला. बरोबर बोलला होता तो, आणि म्हणूनच माझी कवटी सरकली. तेवढ्यात टँकर आला, सगळी गर्दी एकदम लोटली. माझ्या हातात पत्र्याची बादली होती, ती मी होती नव्हती ती ताकद लावून फिरवली. आबा भांडण सोडवायला मधे शिरले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, दोन्ही हातांनी ते शेजाऱ्याला मागं सारत होते. बादलीची कड त्यांच्या डाव्या कानावर बसली.

ते गुडघ्यांवर बसले. कानातून रक्त बंडीपर्यंत उतरलं. कुणीतरी ओरडलं, “म्हाताऱ्याला मारलं रं!” आणि सगळ्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं, कारण आबांच्या समोर तोच उभा होता. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी बादली खाली ठेवली आणि त्याच्यावर तुटून पडलो. पाच-सहा जणांनी त्याला पाइपावर दाबून तुडवला. “म्या नाय, म्या नाय,” एवढंच तो म्हणत होता. सगळ्यात जास्त मी मारलं. त्याचा उजवा हात मोडला तो आवाज मला ऐकू आला, आणि तरी मी थांबलो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं दोर ओढायला चोरच पुढं होता.

सरकारी दवाखान्यात आबांना टाके पडले. ह्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आबांनी फक्त विचारलं, “माझी घोंगडी कुठाय?”

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन घरी आलो, तर ती आमच्या दोरीवर वाळत होती. शेजाऱ्याच्या बायकोनं धुतली होती. घागरभर पाण्यासाठी माणसं एकमेकांना फाडत होती, त्या दिवसांत तिनं आपल्या वाट्याचं पाणी त्या चिखलावर घातलं, कारण तिलाही वाटत होतं की आबांना मारलं ते तिच्या नवऱ्यानं. मी दारातून तिच्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात ते खोली सोडून गेले. मोडक्या हाताच्या गवंड्याला काम कोण देणार?

आता वस्तीत नळ आहे, माळावर चार मजली इमारती उठल्या आहेत. मीही आता आत बंडी, वर ढगळ सदरा, त्यावर स्वेटर असं घालतो. परवा सकाळी आबा ओट्यावर खोळ घेऊन बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि खोळीजवळ तोंड नेऊन म्हणालो, “आबा, त्या दिवशी त्यानं नाही मारलं. मी मारलं.”

त्यांनी उजवा कान वळवला. “काय म्हणलास? हिकडून बोल.”

“काय नाय. गारठा लई हाय.”

त्यांनी घोंगडीचा एक पदर सोडवला आणि माझ्या डोक्यावर ओढला. म्हणाले, “मंग डोस्कं झाकावं की, लेका.”