टॉलरन्सकाकांचं घड्याळ

टॉलरन्सकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी असे. पोळी लाटून झाली की ते तिच्यावर पट्टी आधी आडवी ठेवत, मग उभी. दोन्ही मापं जुळली तरच पोळी तव्यावर जाई. मी "चिमूटभर मीठ" म्हटलं की विचारत, "चिमूट कोणाची? टॉलरन्स किती?" जर्मनीत त्सुफेनहाउझेनच्या एका कारखान्यात ते सुटे भाग तपासत. मापात किती कमीजास्त चालेल हा कारखान्यातला प्रश्न त्यांनी घरीही आणला होता. त्यांचं खरं आडनाव आम्ही मराठी मंडळी जवळजवळ विसरूनच गेलो होतो.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला आले होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कचऱ्याला चार डबे का, घरमालकीण "आल्झो", म्हणजे "तर मग", एवढंच म्हणून गप्प का बसते, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, झाली तरी ऑफिसातून पुन्हा तेच कागद का मागतात, सगळाच गोंधळ. काकांच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे वरणभात असायचा आणि जेवण झालं की ते स्पीकरवर नागपूरला आपल्या बाबांना फोन लावायचे.

बाबा रेल्वेत सिग्नलवर होते, आता निवृत्त. काका परदेशी निघाले तेव्हा बाबांनी स्वतःच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधलं होतं. काका ते भारताच्या वेळेवर ठेवत. फोनवर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वाजले?" काका मनगट पाहून सांगत. तिकडून उत्तर येई, "चार मिनिटं मागं. लाव पुढं." काका निमूटपणे काटा पुढे करत. पुढच्या रविवारी पुन्हा चार मिनिटं मागं. इतक्या काटेकोर माणसाने हे घड्याळ दुरुस्त का केलं नाही, हे मला कळत नसे. एकदा विचारलं तर म्हणाले, "दुरुस्त केलं तर बाबा बोलतील काय?"

जानेवारीत काकांच्या कारखान्याची सहलीची बस आल्गॉयच्या डोंगरातल्या एका स्कीच्या गावी गेली, काकांसोबत मीही. वर पांढरं, खाली पांढरं, आभाळही पांढरं. मी एका जागी उभी होते की घसरत होते, हेही मला समजत नव्हतं. काकांनी उताराचा कोन अंदाजला, "जमते ना, पोरी!" म्हणाले आणि चौथ्या मिनिटाला माझ्या समोरून पाठीवर झोपून निघून गेले. हसून हसून माझे डोळे भरले. ते उठले तेव्हा मनगट रिकामं होतं. पट्टा तुटला होता.

डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद होईपर्यंत आम्ही हातांनी बर्फ उकरला. शेवटी काकांनी उताराच्या कडेला रोवलेल्या खुणेच्या काठ्या मोजल्या आणि वही काढून लिहिलं, "तिसऱ्या नारिंगी काठीपासून खाली उजवीकडे बेचाळीस पावलं. टॉलरन्स अधिक-उणे दोन." मला म्हणाले, "बर्फ वितळते, घड्याळ नाही वितळत. उन्हाळ्यात येऊ."

काका पंचशील मनापासून पाळणारे. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "किती वाजले?" काकांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मनात साडेचार तास मिळवले आणि वेळ सांगितली. तिकडून आलं, "बरोबर." फोन ठेवल्यावर मी पाहतच राहिले तर म्हणाले, "वेळ खरी सांगितली. मनगट पाहून सांगतो असं कुठं म्हटलं?" मला युक्ती फार आवडली. आई फोनवर "बरी आहेस ना?" विचारायची तेव्हा मीही "इथे काय बर्फ पडलाय!" म्हणू लागले. दर रविवारी बाबा "बरोबर" म्हणत राहिले.

ऑगस्टमध्ये काका सुट्टीवर नागपूरला जाणार होते. बाबांसमोर रिकामं मनगट घेऊन जायची त्यांची हिंमत नव्हती. म्हणून जुलैतल्या एका रविवारी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. गाव चुकलो की काय, असंच मला वाटलं. गुडघाभर गवत, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, लिफ्टमधून हातात काठ्या घेतलेली आजी-आजोबा मंडळी वर चाललेली. ज्या उतारावर मी मरणार होते तिथे एक बाई बाळाला घेऊन निवांत बसली होती. आणि नारिंगी काठ्या कुठेच नव्हत्या.

लिफ्टवाल्याला विचारलं. "काठ्या? त्या एप्रिलमध्ये उपटतो. गवत कापायचं असतं." "सगळ्या?" "गेनाऊ. अगदी सगळ्या."

काकांनी वही उघडली. मी विचारलं, "काका, उजवीकडे म्हणजे वर तोंड करून की खाली?" त्यांनी वही उलटी धरून पाहिली. मग हळूच म्हणाले, "आणि पावलं स्कीच्या बुटातली होती." गाई बाजूला सारत आम्ही दोन तास फिरलो. तोच डोंगर होता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

दोन वाजले. काका गवतात बसले आणि त्यांनी मोबाइलवरून फोन लावला.

"किती वाजले?"

काकांनी सवयीने मान वर केली. भिंत नव्हती. मग म्हणाले, "बाबा, घड्याळ हरवलं. जानेवारीतच."

"मालूम आहे."

"कसं?"

"तू मले जानेवारीपासून एकदम बरोबर वेळ सांगून राहिला ना," बाबा म्हणाले. "ते घड्याळ एका हप्त्यात चार मिनिटं मागं पडते. तीस वर्षं पडते. मी वाट पाहत होतो, पोरा, कधी सांगतो म्हणून."

काकांनी चष्मा काढला. "इतके महिने मी खोटं बोललो नाही, असंच मला वाटत होतं," ते म्हणाले. बाबांना की मला, ते समजलं नाही. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

काका ऑगस्टमध्ये गेले ते बाबांजवळच राहिले. सामान बांधायलासुद्धा आले नाहीत, ते मीच पाठवलं. पट्टी तुझ्याकडेच ठेव म्हणाले.

जुलैतल्या त्या रविवारी डोंगरावरून परतल्यावर मी आईला फोन केला होता. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "बरी आहेस ना?" मी खिडकीबाहेर पाहिलं. सांगण्याजोगा बर्फ नव्हता.

"नाही गं आई," मी म्हटलं.