दादांची काळजी

कडकताईनं इस्त्री फिरवलेल्या विजारीच्या घडीवर काकडी चिरता येईल, असं लाँड्रीत सगळे म्हणायचे. नावच त्यावरून पडलेलं. दुपारी खोली वाफेनं भरली, की त्या धुक्यातून ती हळूहळू प्रकट व्हायची. बाह्या सरसावलेल्या, मान ताठ, हातात जड इस्त्री. पडदा वर जावा आणि नायिका दिसावी, तशी.

एके दिवशी ती टेबलापाशीच कोसळली. दातखीळ बसली. इस्त्री पलीकडे पडली म्हणून निभावलं. मालक, म्हणजे सगळ्यांचे दादा, तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि शुद्ध येईपर्यंत उशाशी बसून राहिले. माणूस देवमाणूस, त्यात वाद नाही. लहानपणापासून फीट येते, हे तिनं तिथंच त्यांना सांगितलं आणि हात जोडले.

"दादा, हे आपल्या दोघांतच राहू द्या."

"अगं वेडे, माझ्या पोटातलं ओठावर यायचं नाही."

ओठावर आलंच नाही. बोटावर आलं.

शहरातल्या लाँड्रीमालकांचा फोनवर एक ग्रुप होता. साबणाचे भाव कळवायचे, बुडव्या गिऱ्हाइकांच्या नावानं शंख करायचा, आणि घाईच्या दिवसांत एकमेकांना कामाची माणसं उसनी द्यायची, अशी रीत. तिथं दादांनी लिहिलं, "आमच्या कडकताईला फीट येते. उसनी आली तर गरम इस्त्रीजवळ उभी करू नका. सांभाळा." निव्वळ काळजीपोटी!

आपल्या लाँड्रीत त्यांनी तिला घड्यांच्या टेबलावर बसवलं. कॉलरखाली पुठ्ठा घाल, टाचणी लाव, पिशवीत सरकव. येणारा-जाणारा मान वाकडी करून विचारी, "बरंय ना?" एकदा ती खेकसली, "मेले नाही अजून!" तर कुणीतरी धावत पाणी आणलं.

वर्ष गेलं. गोळी चुकली नाही, फीट आली नाही. डॉक्टरांनी इस्त्रीला परवानगी दिली. दादा मात्र म्हणत, "नको गं, माझा जीव वरखाली होतो."

मग ती दुसरीकडे विचारायला गेली. पहिल्या लाँड्रीत तिनं तोंड उघडण्याआधीच खुर्ची पुढं आली. दुसरीकडचा मालक म्हणाला, "तब्येत जपा, ताई." तब्येतीचा विषय काढला होता कुणी? तिथल्याच धुलाईवाल्या म्हाताऱ्यानं तिला ग्रुपचं सांगितलं.

"पोरी, पूर्वी चहाडी पायी यायची. वाटेत दमायची, निम्मी विसरायची. आता तिला पाय लागत नाहीत."

उरली पुलाजवळची नवी लाँड्री. मालकीण परगावची, कुणाच्या ओळखीची नाही. "मला कडकताई म्हणतात," असं सांगितल्यावर ती हसली, एक शर्ट पुढं टाकला, आणि झालेली घडी बघून म्हणाली, "सोमवारी या. इस्त्रीवर." आपलं दुखणं आपण आपल्या तोंडानं सांगू, पण आधी हात बोलू देत, असं कडकताईनं ठरवलं.

शनिवारी ती दादांपुढं उभी राहिली.

"सोमवारपासून मी येणार नाही."

"का गं? कुणी ओरडलं?"

"ओरडलं असतं तर बरं झालं असतं. माझं दुखणं गावभर केलंत तुम्ही!"

दादा गोरेमोरे झाले. "तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मला विचारून करायचं होतंत. दोन दारं बंद झाली माझी. आता तुम्हीच निस्तरा!"

दादांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथं फोन काढला आणि मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "आमच्या कडकताईला वर्षभरात एकदाही फीट आलेली नाही. गोळ्या चालू आहेत. गैरसमज नसावा." बोट दाबलं. "झालं! त्या पुलाजवळच्या नव्या बाईंनाही पोचलं. कालच घेतलं मी त्यांना ग्रुपात. एकट्या पडल्या होत्या बिचाऱ्या."

"पुसा ते! दादा, आधी पुसा!"

"अगं, चांगलंच लिहिलंय की!"

तिनं फोनकडे हात टाकला, तोवर तो वाजलाच. दादांनी वाचलं, "'बरं झालं वेळेवर कळवलंत. सोमवारी ठेवणारच होते.' सोमवारी? काय ठेवणार होत्या?"

कडकताईनं पुढं केलेला हात मागं घेतला. फोन मात्र वाजतच राहिला. फुलं आली, जोडलेले हात आले. दादांचा चेहरा उजळला.

"बघ, किती जणांना तुझी काळजी आहे!"

सोमवारी घड्यांच्या टेबलाशी तिच्यासाठी गादीची नवी खुर्ची होती. पलीकडून वाफ येत होती. ती बसली. समोरच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या तिनं पाठीमागं वळवल्या, टाचणी लावली, आणि तो पिशवीत सरकवला.