पिवळ्या कोपऱ्यांचा अर्ज

अलेक्झांड्रियात मला समुद्र दिसणारी स्वस्त खोली मिळाली आहे. आज व्हिसा वाढवायला लागणारं पत्र घ्यायला कॉलेजात गेलो, तर फायलीतून माझा प्रवेशाचा जुना अर्ज निघाला. कोपरे अजून पिवळे होते.

चार वर्षांपूर्वी डोंगरकडा या आमच्या गावी, घरच्या अंगणात हळद शिजत होती. अर्जावर बाबांनी सही केली. आईनं मात्र लग्नपत्रिकेला लावतात तशी त्याच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली.

"काहून खराब केला, माय? आता घेणार न्हाईत ते."

"शुभ कामाचा कागद कोरा धाडतेत व्हय?"

दुसरा अर्ज नव्हता. रडवेला होऊन तोच पाठवला.

आज कारकुनानं विचारलं, "हे डाग कसले?"

मी भरभर सांगून टाकलं, "एक सही बाबांची. या चार आईच्या."