परतीचं टेबल

एका टेबलावरून माणूस किती वर्षं रागावलेलं राहू शकतं, हे मला विचारा. टेबल काही माझं नव्हतं. मंडईच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या वाचनालयाचं होतं ते. सागवानी, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. काउंटरच्या डाव्या हाताला ते उभं असायचं आणि वाचून परत आलेली पुस्तकं दिवसभर त्यावर साठायची. रात्री बंद करताना शिपाई ती उचलून कपाटांत लावायचा, पण तोवर त्यातली निम्मी दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी पोचलेली असत.

कपाटांकडे नवखे लोक जात. मुरलेला वाचक आधी टेबलाशी थांबे. जे पुस्तक कोणीतरी आत्ता वाचून ठेवलंय तेच वाचण्यालायक, असा आमचा साधा विचार होता. शिवाय ठेवणारा माणूस समोरच उभा असे. "कसं आहे हो?" म्हटलं की लगेच उत्तर मिळे. पुण्यात पत्ता विचारला तर नीट सांगत नाहीत, पण पुस्तकाबद्दल न विचारताही सांगतात. "पहिली पन्नास पानं सोडून द्या. लेखकाला तिथे स्वतःलाच काही माहीत नव्हतं." "वाचा, पण जेवताना नको." एका गृहस्थांनी तर मला एक जाडजूड कादंबरी हातात देऊन सांगितलं, "न्या, तुम्हाला आवडेल. मला नाही आवडली." अपमान झाला हे मला घरी पोचल्यावर कळलं. आणि कादंबरी आवडली, हे अधिक वाईट.

मी तेव्हा विमा कचेरीत कारकून होते. कचेरी सुटली की मंडईतून भाजी घ्यायची, वाचनालयात जायचं आणि मग घर. त्या टेबलाशीच मला काकू भेटल्या. काकू म्हणजे कोणाच्या कोण, पण सगळे त्यांना काकूच म्हणत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दोन कपाटांच्या मधे उभ्या होत्या. हातात पुरुषी कापडी पिशवी आणि चेहरा चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखा. मी विचारलं, "काय शोधताय?"

"शोधता नाही येत हो मला," त्या म्हणाल्या. "मला आणून दिलेलं वाचायची सवय आहे."

मग हळूहळू कळलं. त्यांचे यजमान जन्मभर या वाचनालयाचे सभासद. कार्डावर दोन पुस्तकं मिळत, एक त्यांचं, एक काकूंचं. संध्याकाळी ते पिशवी घेऊन निघत आणि बदलून आणत. काकूंनी वाचनालयाची पायरी कधी चढली नव्हती. आमच्या पेठांतल्या कितीतरी बायका अशाच वाचत आल्या, नवऱ्याने आणलेलं, स्वयंपाक झाल्यावर. यजमान गेले आणि महिना-दोन महिने घरात पुस्तकच आलं नाही. शेवटी त्या स्वतः निघाल्या. सभासदत्व स्वतःच्या नावावर करून घेतलं, पिशवी मात्र त्यांचीच ठेवली. "दुसरं सगळं सहन होतं," त्या म्हणाल्या, "पण दुपारी हातात काही नसतं, ते नाही सहन होत."

मी त्यांना टेबलाशी नेऊन उभं केलं. तेवढ्यात एक करड्या मिशांचे आजोबा पुस्तक ठेवायला आले. काकूंनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. त्यांनी आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "रडू आलं का तुम्हाला?"

मला वाटलं आता आजोबा फाडून खाणार. ते खाकरले आणि म्हणाले, "थोडंसं."

काकूंनी ते पुस्तक घेतलं. त्यानंतर हीच त्यांची रीत झाली. पुस्तक ठेवणाऱ्याचा चेहरा बघायचा आणि त्यावरून ठरवायचं. आणि सांगते, आमच्यापैकी परीक्षणं वाचून निवडणाऱ्यांपेक्षा त्या कमी फसत.

टेबलाचा आणखी एक मानकरी होता, अकोल्याकडचा एक तरुण. गावाबाहेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनीची बस त्याला स्वारगेटला सोडायची, तिथून चालत यायचा, गळ्यात ओळखपत्र तसंच लोंबत. खोलीवर चौघे मित्र, आणि वाचणारा हा एकटाच. म्हणून त्याला बोलायचं असे. एकदा त्याने काकूंपुढे एक पुस्तक धरलं. "काकू, हे घ्या न. पण सांगून ठेवतो, यातला म्हातारा मरते."

"अरे, शेवट कशाला सांगितलास?"

"शेवट नाही जी तो. पहिल्याच पानावर मरते. मग चारशे पानं त्याचे पोरं भांडते."

काकू पदर तोंडाशी धरून हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते टेबलाशीच.

तर हे असं सगळं चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग नवी कार्यकारिणी आली. नवे कार्यवाह एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. त्यांना कामाशिवाय करमत नव्हतं, आणि ते काम आमच्या वाट्याला आलं. शहरभर तेव्हा संगणकाचं वारं होतं. संगणकाशी माझं भांडण नव्हतं. आमच्या कचेरीत तो केव्हाच येऊन बसला होता आणि माझी बोटं त्याच्यावर सफाईने चालत होती. पण संगणक आणायचा म्हणून टेबल का हलवायचं, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

एका सोमवारी गेले तर टेबल नव्हतं. दाराशी एक पत्र्याची पेटी होती, वर फट, खाली कुलूप. पुस्तक फटीतून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचारी पेटी उघडणार, संगणकात जमा करणार आणि पुस्तकं थेट कपाटात जाणार. टेबलाच्या जागी वाचकांसाठी एक संगणक. त्यात पुस्तकाचं नाव टाकायचं.

काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "आणि नाव माहीत नसेल तर?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"मग काय हवंय ते तुम्हालाच माहीत नाही ना," ती म्हणाली.

"ते तर खरंच आहे," काकू म्हणाल्या. आणि रिकामी पिशवी घेऊन गेल्या.

माझं डोकं फिरलं. मी तशीच कार्यवाहांच्या खोलीत शिरले. ते म्हणाले, "आपण सुशिक्षित आहात. जग कुठे चाललंय ते बघा जरा."

"जग कुठेही जाऊ दे. टेबल कुठे गेलं?"

"पुस्तकं गहाळ होतात, मॅडम."

"टेबलावरून?"

"टेबलावरून म्हणजे... कपाटांतून."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी तसं म्हटलंही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "आणि तिथे गप्पा फार व्हायच्या. हे वाचनालय आहे." हे बोलताना त्यांच्या कोपराखाली काय होतं? आमचं टेबल. हिरवं कापड घातलेलं, वर फुलदाणी आणि चहाचे कप. बैठकीसाठी त्यांना एक टेबल हवं होतं, ते फुकट मिळालं होतं. मला त्या कपांची इतकी चीड आली की मी तिथून निघालेच.

मग आम्ही काही दिवस पेटीशीच उभं राहायला लागलो. कोणी पुस्तक टाकायला आलं की, "पेटीत नको, इकडे द्या, कसं आहे?" मग दोघांनी काउंटरवर जाऊन नोंद करून घ्यायची. काउंटरवरची मुलगी वैतागायची, पण करून द्यायची. काकूंना त्या दिवसांत दोन-तीन पुस्तकं मिळाली असतील. लगेच भिंतीवर पाटी आली: "पेटीजवळ थांबून पुस्तकांविषयी चर्चा करू नये." मी ती पाटी वाचली आणि मला पहिल्यांदा हसू आलं, मग संताप. वाचनालयात पुस्तकांविषयी बोलायचं नाही! उद्या देवळात देवाचं नाव काढू नये अशी पाटी लावा म्हणावं.

पाटीनंतर पांगापांग झाली. अकोल्याच्या पोराला कंपनीने परदेशी धाडलं. जाण्याआधी त्याने आम्हा वाचकांचा एक ई-मेल गट काढला. कोणी काय वाचलं ते त्यावर लिहायचं. चांगला चालायचा तो, मीही लिहायची. पण काकूंकडे ई-मेल कुठलं? तो पोरगा हळहळला. "काकूंचं कसं करायचं जी?" असं त्याने मला दोनदा विचारलं. त्यात माझी बदली कोथरूडच्या पलीकडच्या शाखेत झाली होती. मी आता रविवारी सकाळी वाचनालयात जायची, आणि काकू यायच्या तर संध्याकाळी यायच्या. एकदा मंडईत भेटल्या. मी विचारलं, "काय वाचताय सध्या?"

"भेंडी कशी घेतलीत?" त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी वर्धापनदिनाचं छापील निमंत्रण आलं. त्यावर ठळक अक्षरांत "वाचक-संवाद: मी सध्या काय वाचतो?" म्हणजे जे आम्ही रोज उभ्याउभ्या करत होतो आणि ज्यावर यांनी पाटी लावून बंदी घातली, तेच आता वर्षातून एकदा, माइकवरून, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. शाली, नारळ, स्मृतिचिन्हं सगळं आमच्याच वर्गणीतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! मी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण हातातलं पुस्तक परत करायचा तोच शेवटचा दिवस होता, म्हणून गेले.

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात, मंचावर टेबल होतं. तेच. हिरवं कापड, वर स्मृतिचिन्हं रांगेत. खालची पुठ्ठ्याची घडी कोणीतरी काढून टाकली होती, त्यामुळे कोणी हात लावला की ते डुगडुगायचं.

पाहुणे संगणक क्षेत्रातले होते. त्यांनी माहितीचा महापूर वगैरे सांगितलं. मग कार्यवाह उभे राहिले. "यंदापासून आदर्श वाचक पुरस्कार. निवड संगणकाने केली आहे, त्यामुळे वशिल्याचा प्रश्नच नाही. या सभासदांची वर्गणी वेळेवर, आणि वर्षभरात एकही पुस्तक उशिरा नाही. एकही नाही!" आणि त्यांनी काकूंचं नाव पुकारलं.

काकू चढल्या. शाल पांघरवली गेली, नारळ दिला गेला, स्मृतिचिन्ह देतानाचा फोटो झाला. मग कार्यवाहांनी माइक पुढे केला. "सांगा काकू, सध्या काय वाचताय?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

लोक हसले.

"वर्षभर मी पुस्तकच नेलेलं नाही," काकू म्हणाल्या. "नेलंच नाही, तर उशीर कसा होणार?"

आता सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. पुणेकरांना तिरकस बोलणं आवडतं, आणि त्यांना वाटलं हे तसलंच काहीतरी. पण काकू तिरकस बोलणाऱ्या नव्हेत. त्यांनी माइक खाली घेतला होता, दुसरा हात टेबलावर ठेवला होता आणि ते डुगडुगत होतं. "हे इथे खाली होतं ना, तेव्हा नेत होते," त्या म्हणाल्या. ते टाळ्यांत कोणाला ऐकूच गेलं नाही. मी पुढेच बसले होते, मला गेलं. वर्षभर ही बाई दुपारी नुसती बसून होती, आणि तेच नोंदीत निर्मळ दिसलं म्हणून हे तिला शाल देत होते! कार्यवाह म्हणाले, "वा, काय विनोदबुद्धी!" आणि त्यांनी माइक काढून घ्यायला हात पुढे केला.

मी उठले. मंचावर कशी गेले मला आठवत नाही. पर्समधलं पुस्तक काढलं आणि स्मृतिचिन्हांच्या शेजारी टेबलावर आपटलं.

काकूंनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "इतका राग येतो वाचून?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक फार सुंदर आहे," मी म्हटलं. "राग यांचा आलाय."

काकूंनी पुस्तक उचललं. तोवर काउंटरवरची मुलगी धावत आली. "अहो मॅडम, आता असं परस्पर नाही देता येत. पेटीत टाकल्याशिवाय जमा होत नाही. तुमच्या नावावर उशीर लागेल."

माइक अजून काकूंच्याच हातात होता. "माझ्या नावावर लिही," त्या म्हणाल्या, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "आणि उशीर होणार आहे. मी सावकाश वाचते."

कोणी हसलं नाही. यजमानांच्या त्या जुन्या पिशवीत शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह आधीच कोंबलेलं होतं, पुस्तक काही मावेना. काकूंनी स्मृतिचिन्ह बाहेर काढलं, आम्ही वाचून झालेली पुस्तकं ठेवायचो तसं टेबलाच्या कडेला नीट ठेवलं, आणि पुस्तक पिशवीत घालून त्या खाली उतरल्या.